बर्फावरचा पुरा दिवस

मी बर्फावर पूर्ण दिवस घसरले की अर्धाच, याचा निकाल अनसिंगजवळच्या एका हरभऱ्याच्या शेतात लागला. निकाल द्यायला बसलेल्या अकराजणींपैकी एकीनंही फ्रीजमधला सोडून दुसरा बर्फ पाहिलेला नव्हता. तरी मी शाळेतला सगळा स्टाफ सोडून त्यांच्याकडेच धावत गेले, कारण त्या अकरांत माझी आई होती आणि माझी पैज तिच्याशीच लागली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय सेहेचाळीस, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर माझ्याच वयाची एक बाई पायांना लांब पट्ट्या बांधून पांढऱ्या उतारावरून सुसाट खाली येताना दिसली आणि माझं डोकंच फिरलं. हे आपण करायचं! स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणाले, "मॅडम, प्लास्टरचं सामान इथूनच घेऊन जा, तिकडे महाग मिळेल." मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही.

मला आईला घेऊन जायचं होतं. एकटीनं जाण्यात काय मजा? आई सहासष्ट वर्षांची, चाळीस वर्षांपासून तण निंदणाऱ्या, पीक सोंगणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादमीण. दरवर्षी दीक्षाभूमीवर नागपूरला जायची, त्यापलीकडचं जग तिच्या लेखी नव्हतं. माझी नोकरी लागल्यापासून मी तिला कुठंकुठं चल म्हणाले असेन, पण दरवेळी तिचं एखादं शेत मध्ये यायचं. बर्फाचं काढलं तर म्हणाली, "मले कायले पाह्यजे बर्फ? बसस्टँडवर गोळा भेटते." मी दोन हिवाळे तिच्या मागे लागले. रुसले, भांडले, एकदा रडलेसुद्धा. शेवटी भाकर थापता थापता ती म्हणाली, "पयले तू जाय. तिथं एक पुरा दिवस काढून दाखव. मंग मी येतो."

मी आनंदानं उडीच मारली. एक दिवस! त्यात काय? घाई झाली माझी. 'पुरा दिवस' हे आईच्या तोंडचे शब्द आहेत, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आईच्या टोळीत दिवस घड्याळावर मोजत नाहीत. सकाळी प्रत्येकीला आपली पात मिळते. पात म्हणजे त्या बाईच्या वाट्याच्या ओळी, शेताच्या या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. पात पलीकडच्या धुऱ्याला लागली की दिवस पुरा. नाही लागली तर अर्धा, मग मध्ये पाच पावलं उरली असोत की पन्नास. मी सातवीत असताना सुट्टीत सोयाबीन निंदायला गेले होते. माझी पात थोडकी राहिली आणि आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "इचा अर्धा." पोटची पोर म्हणून सूट नाही. मी रात्रभर फुगून बसले. सकाळी शेतात गेले तर आई आधीच माझ्या पातीत बसलेली होती, माझ्या शेजारची ओळ धरून. हाही तिचाच नियम. जिची पात उरली तिच्याजवळ दुसऱ्या दिवशी मुकादमीण स्वतः बसते आणि पात धुऱ्याला लावून देते. आम्ही दोघींनी मिळून ती पात काढली.

तर या फेब्रुवारीत मी उत्तराखंडात औलीला गेले. आठ दिवसांचं स्कीइंगचं शिबिर होतं. पहिले सहा दिवस मी फक्त पडायला शिकले, आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आमचा शिकवणारा पहाडी माणूस, लेकराला सांगावं तसं सांगायचा, "मैडम, पिज़्ज़ा बनाओ, पिज़्ज़ा!" म्हणजे पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, की वेग कमी होतो. मला ते वखराच्या फासेसारखं, जमीन खरवडत जाणाऱ्या पात्यासारखं वाटायचं, म्हणून मी मनात वखर म्हणायचे आणि वखर धरला की खरंच थांबायचे.

सातवा दिवस मी पुऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना विचारलं की इथं पूर्ण दिवस कशाला म्हणायचं. पुण्याचा एक मुलगा म्हणाला, लिफ्ट सुरू होण्यापासून बंद होईपर्यंत. दुसरी एक म्हणाली, दहा उतार. शिकवणारा हसला, "जब तक मज़ा आए, मैडम, फुल डे." मला तिन्ही नियम पटले. जो जमेल तो आईला सांगू, असं म्हणत मी झोपले.

आणि काय दिवस होता तो! लिफ्टच्या रांगेत मी पहिली. पहिल्या उतारावर दोनदा आपटले, दुसऱ्यावर एकदा, आणि तिसऱ्यावर पडलेच नाही. पडलेच नाही! पायाखालून बर्फ सरसर सरसर जात होता, कानात वारा, समोर एवढाले डोंगर, आणि मी, अनसिंगची मास्तरीण, वळणं घेत खाली येत होते. मी ओरडत होते, "सरका व माय, सरका!" कोणाला काही कळलं नाही, पण सगळे सरकले. खाली पोचल्यावर मी इतकी हसले की शिकवणाऱ्याला वाटलं मला काही झालं. इतका आनंद मला नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता, खरं सांगते. दुपारी बूट चावला म्हणून मॅगी खात तासभर बसले. पुन्हा उठले. आठ उतार झाले.

नववा शेवटचा, कारण वारा सुटला होता आणि लिफ्ट बंद होणार होती. अर्ध्याहून जास्त उतार मी झकास आले. मग भुरभुर बर्फ उडायला लागला, समोरचं दिसेना आणि मी वखर धरून जागीच थांबले. शिकवणारा म्हणाला, भीती वाटत असेल तर पट्ट्या काढा. मी काढल्या. शेवटची शंभरेक पावलं मी त्या खांद्यावर घेऊन चालत उतरले.

आठव्या दिवशी वाऱ्यामुळे लिफ्ट सुरूच झाली नाही. परतताना दोन दिवस रेल्वेत मी स्वतःला समजावत होते. लिफ्ट सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत होते ना? मजा आली ना? मग झाला पुरा दिवस. घरी बॅग टाकली आणि तशीच शेतात गेले. हरभरा सकाळच्या दहिवरात सोंगतात, नाहीतर उन्हानं घाटे गळतात. म्हणून पहाटेच कामाला लागलेल्या बाया सकाळीच बाभळीखाली शिदोरी सोडून बसल्या होत्या, हातांवरची फडकी अजून आंबेनं, हरभऱ्यावरच्या आंबट दहिवरानं, ओली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगायला लागले.

"वर कशी जातं?" एकीनं विचारलं.

"पाळण्यात बसून."

"अन खाली?"

"घसरत."

"मंग परत वर काहून जातं?"

"परत घसरायला!"

बाभळीखाली हशा पिकला. सगळ्यात म्हातारी काकू म्हणाली, "याच्यात काई भेटत नाई, तं पुरा काय अन अर्धा काय व?"

"असं नोका म्हनू," आई म्हणाली. ती एकटी हसली नव्हती. "दिवस दिवस असते." भाकरीचा तुकडा खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "किती वाजता कामाले लागली?"

"नवाला."

"मधात बसली होती?"

"तासभर. बूट चावला."

"भाकरीले सगळेच बसतात," काकू माझ्या बाजूनं म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

"शेवटची पात धुऱ्याले लागली का?" आईनं विचारलं.

हो म्हणायला किती वेळ लागतो? तिथं पाहायला कोण होतं? हो म्हटलं असतं तर आई पुढच्या हिवाळ्यात माझ्याबरोबर आली असती. दोन वर्षांपासून मला तेवढंच हवं होतं. 'हो' अगदी ओठावर आलं होतं. पण चाळीस वर्षं ती ज्या नजरेनं ओळी पाहत आली, त्याच नजरेनं ती माझ्याकडे पाहत होती, आणि माझ्यानं खोटं बोलवेना.

"शंभर पावलं राहिली," मी म्हणाले. "पट्ट्या काढून चालत आले. भीती वाटली."

बायांनी आईकडे पाहिलं. मग सगळ्यात तरुण बाई हळूच म्हणाली, "पायी आली तं आली ना खालतं. करून टाका ना पुरा."

"अर्धा," आई म्हणाली.

मला असा राग आला! सेहेचाळीस वर्षांची बाई मी, पोरांना शिस्त लावणारी, आणि तिथं सातवीतल्या पोरीसारखे डोळे भरून आले. "एवढ्या लांब गेले, एवढी आपटले, निळी पडले, तरी अर्धाच?" मी ओरडले. "तुला यायचंच नाही! तसं सरळ सांग ना!"

आईनं शांतपणे भाकर संपवली, हात धुतले, विळा उचलला. बाया उठल्या. आई मात्र उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन तशीच उभी राहिली.

"आता कवा जा लागते?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"तुई पात उरली ना तिथं बर्फात." तिनं बाकीच्या दहाजणींकडे एकदा पाहिलं, जणू नियम सगळ्यांना माहीत आहे की नाही ते तपासत होती. "उरलेल्या पातीत कोन बसते?"

"मुकादमीण," म्हातारी काकू म्हणाली आणि सगळ्या बाया हसायला लागल्या. मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी आईला अशी घट्ट मिठी मारली की तिच्या हातातला विळा खाली पडला.

"सोड व, घाटे गळून राह्यले," ती म्हणाली. दोन ओळी पुढं गेल्यावर तिनं वळून विचारलं, "अन थ्या पट्ट्या लुगड्यावर बांधता येतात का व?"