बंद फोन उचलणारे साहेब

सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, “मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आहे. बोलणं गेलंय. समजणं किती उरलंय, ते आज सांगता येत नाही.”

याला अफेझिया म्हणतात. माणूस शुद्धीत असतो, पण त्याला शब्द सापडत नाहीत. काहींना दुसऱ्याचं बोलणंही कळत नाही.

आमचे हे साकोलीला सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर तोंड चालू. आता भंडाऱ्याच्या दवाखान्यात नुसते माझ्याकडे बघत होते. “डोळे मिटा” म्हटलं की कधी मिटायचे, कधी नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

दीर खाटेजवळच म्हणाले, “वहिनी, दादाले आता काई समजत नाही. कायले बोलून राहिल्या?”

मी तोंडाची फटकळ. “अन् हे तुमी त्यायच्या उशाशीच सांगून राहिले? निघा बाहेर!” त्यांना हाकललं आणि मग मीच रडले.

आम्ही दोघं जेवताना मोबाइलवर एका ऑफिसातली विनोदी मालिका बघायचो. पहिल्या सीझनला यांनी नाक मुरडलं होतं, “असं कुठं ऑफिस असते का?” दुसऱ्या सीझनपर्यंत ती सगळी माणसं यांच्याच कचेरीतली झाली. त्यातल्या साहेबांची एक खोड होती. अडचणीत सापडले की टेबलावरचा फोन उचलून “जी सर, जी सर” करायचे. फोन कधीचा बंद, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक. आधी आम्ही “जी सर” ऐकून हसायचो. दुसऱ्या सीझनमध्ये साहेब नुसते घाबरले तरी हसू फुटायचं. माणसं ओळखीची झाली की असंच होतं.

ती मालिका मी खाटेवर लावली. हे हसले! मी धावत डॉक्टरांकडे गेले.

“नुसत्या हसण्यावर जाऊ नका,” ते म्हणाले. “मागे हशा वाजतो, तो ऐकूनही हसू येतं. या आजारात विनाकारणही येतं. समजतंय असं दिसलं, तर स्पीच थेरपीचा, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवण्याचा, जास्त उपयोग होईल.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हा मी आम्ही न बघितलेला भाग आवाज बंद करून लावला. स्टाफनं साहेबांना घेरलं होतं. साहेब घाम पुसत होते. हे हसले नाहीत. मी मोबाइल यांच्या आणखी जवळ नेला.

“अहो, पाहून राहिले ना?”

यांचा डावा हात चादरीवरून उठला. मूठ वळली आणि कानाला लागली. साहेबांचा हात तेव्हा कुठं फोनकडे निघाला होता.

“समजतंय त्यांना,” डॉक्टर म्हणाले. “पुढचंसुद्धा!”

मी भर वॉर्डात “जी सर! जी सर!” ओरडले. नर्सबाई धावत आल्या.

थेरपी चालू आहे. थोडे शब्द आलेत, पुष्कळ यायचेत. तुमच्या घरी असं झालं, तर माणसासमोर ‘याला कळत नाही’ म्हणू नका हो. त्याच्या ओळखीचं काहीतरी त्याच्यापुढे ठेवून बघा. त्या डॉक्टरांचे आणि मालिकावाल्यांचे उपकार मी विसरणार नाही.

काल यांनी गोळी उशीखाली लपवली. मी जाम भडकले, बोलतच सुटले. यांनी शांतपणे मूठ कानाला लावली.

“जी... सर,” म्हणाले.