यारी रांगते तेव्हा

रिसोडला माझी एक शेड आहे. तिथे मी विजेच्या मोटारींचे कंट्रोलर बनवतो. मोटार पळत असली की कुठलाही कंट्रोलर शहाणा वाटतो. ती रांगायला लागली की खरं पाणी कळतं. तेव्हा तिच्या वाट्याला व्होल्टेज एवढासाच येतो, त्यातलाही थोडा कंट्रोलरचे स्विचच खाऊन टाकतात आणि तिच्या अंगातला जोर जातो. लोकांना मात्र हळू म्हणजे बिनधोक वाटतं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

माझे भाऊजी विहिरी खोदतात. विहिरीत डोल वर-खाली करणाऱ्या यारीचं डिझेल इंजिन काढून त्यांनी तिला मोटार बसवली, कंट्रोलर माझा. वर बटणावर माझी ताई, खाली दोराच्या लोखंडी डोलात ते. सुरुंग उडाल्यावर पहिल्यांदा उतरताना ते डोल मुंगीच्या पावलांनी सोडायला लावतात आणि पहारीने कडा ठोकत जातात. बद्द आवाज आला की समजायचं, दगड सुटला आहे. त्यांच्या वडिलांचीही हीच रीत होती.

धनजच्या विहिरीत ठोकता ठोकता डोल घसरला. ताईने बटण सोडलं, ब्रेक लागला, म्हणून वाचले. पण त्या झटक्याने कडेचा एक दगड त्यांच्या खांद्याजवळून गेला.

वर आल्यावर ते हसले. "लेका, तुई मशीन झोपून राह्यली. जागी कर तिले. अन् तू गं, आता बटण सोडू नोको."

रांगत्या वेगाचा व्होल्टेज मी वाढवला. डोलात दगड भरून सोडून पाहिला, नीट उतरला. मग भाऊजी डोलात बसले. मी मोटारीवर हात ठेवून उभा राहिलो. दगड काही वाटेत कडा ठोकत बसले नव्हते, भाऊजी बसले, आणि मोटार रांगतच राहिली. मोटारीचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो; ती रांगली की तोही रांगतो, वारा मिळत नाही. वाढवलेला व्होल्टेज आता तिला भाजत होता. माझा हात पोळला. आतल्या तारांवरचं वार्निश जळल्याचा वास आला.

"ताई, वर घे त्यांना."

"त्याइनं आवाज देल्याबिगर डोल वर नाई घेत."

मी काठावर वाकलो. "भाऊजी, वर या. मोटार जळून राह्यली."

खालून पहारीचा एक ठोका आला. बद्द.

"चूप राह्य," ते हळूच म्हणाले. "आयकू दे मले."