खाकी साडीतली विमल

शंकररावांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. "कुसुमताई, विमल गेली..." एवढं म्हणाले आणि मग तुटक तुटक सांगत गेले. सकाळी उठली, चहा घेतला, पेपर वाचता वाचता खुर्चीत मान टेकवली ती टेकवलीच. मी पिठाचे हात तसेच घेऊन कठड्यापाशी बसून राहिले. त्याला आता महिना होऊन गेला. रडायचं होतं ते रडून झालं. आता तिच्याविषयी लिहायला बसले, तर एकामागून एक सगळं हसू येण्याजोगंच आठवतंय. त्याला माझा इलाज नाही. बाईच तशी होती.

आम्ही दोघी इंदोरा वस्तीत एकाच गल्लीतल्या. मॅट्रिक झालो होतो, टायपिंगच्या क्लासला जात होतो आणि कुठेतरी चिकटायची वाट बघत होतो. सत्तरच्या दशकाचे सुरुवातीचे दिवस. एका दुपारी विमल पेपर घेऊन धावत आली. जेलात महिला रक्षक पाहिजेत अशी जाहिरात होती. "भरू का वं आपण दोघी?" मी म्हटलं, "अवं, जेल हाय ते!" तर म्हणते कशी, "मंग? शाळेत ओळख लागते, पोष्टात ओळख लागते. जेलात तरी आपल्याले कोनाची ओळख सांगाची हाय?" तिची माय मात्र ऐकून भडकली. "पोरगी जेलात जाऊन राहिली म्हनलं तं लोक काय म्हनतील? सोयरीक येईन का घरी?" विमलचे बाबा गिरणीत लूमवर होते. दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन आल्यापासून पोरीला शिकवायचं आणि सरकारी नोकरीत बघायचं, हा त्यांचा ध्यास. ते शांतपणे विडी विझवत म्हणाले, "जाऊन राहिली खरी... पन चाव्या घेऊन जाऊन राहिली नं?" तिथेच विषय संपला.

भरतीच्या दिवशी उंची मोजायला मोठी रांग होती. विमल बुटकी. तिने डोक्याच्या अगदी मधोमध उंच अंबाडा घातला होता, आत काळ्या लोकरीचा गोळा ठेवून. मोजणाऱ्या शिपायाने वरून लाकडी पट्टी दाबली, पट्टी गुबकन आत गेली आणि पुन्हा वर आली. "बाई, हे काय गादी हाय का? सोडा केस." विमलने गोळा काढून पदरात लपवला, छाती भरून श्वास घेतला आणि मान अशी ताणली की गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. पट्टी पुन्हा टेकली. शिपायाने वाकून आकडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बसली एकदाची मापात. आता श्वास सोडा, नाहीतर इथंच पडसाल." मुलाखतीत साहेबांनी विचारलं, कैद्यांची भीती वाटत नाही का? ही म्हणाली, "गुन्हा त्यायनं केला सर, मी काहून भिऊ?" पॅनलवरचे सगळे हसले. आमची दोघींचीही नावं लागली. सदर बाजारात खाकी ब्लाउज शिवायला टाकले, तर टेलरने माप घेता घेता विचारलं, "कोनत्या नाटकात काम करून राहिल्या ताई?"

ट्रेनिंग मात्र नाटक नव्हतं. आमची तुकडी छोटीच. पहाटे परेड, दुपारी कायदे-नियमांचा तास आणि मग महिला विभागात जुन्या रक्षकांबरोबर प्रत्यक्ष काम. खाकी साडी नेसून कदमताल करायचा म्हणजे पहिला आठवडाभर आम्ही एकमेकींच्या निऱ्यांवरच पाय देत होतो. परेड शिकवणाऱ्या हवालदारांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांना विमलचं चालणं पसंत होतं, आवाज नव्हता. ती "सावधान" म्हणाली की शेजारच्या बाईने वळून विचारावं, काही म्हणालीस का? उस्ताद कपाळाला हात लावायचे. "बाई, कैद्यायले बराकीत न्याचं हाय, पाळन्यात निजवाचं नाही. परीक्षेत असा आवाज निघाला तं घरी जा लागीन."

घरी जावं लागेल हे ऐकून विमल घाबरली. माझ्यासारखा तिच्यामागे कमावता भाऊ नव्हता. बाबांची गिरणी धड चालत नव्हती. तिने बाबांनाच कामाला लावलं. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेले. रोज संध्याकाळी ते मैदानाच्या एका टोकाला पाठ करून उभे राहायचे आणि दुसऱ्या टोकाहून विमल ओरडायची. ऐकू आलं तर त्यांनी हात वर करायचा. पहिले कितीतरी दिवस हात वर होईना. मैदानात चरणाऱ्या म्हशी तेवढ्या माना वर करायच्या. मग एका संध्याकाळी तिने पोटाच्या तळापासून "दाहिने मुड" अशी आरोळी ठोकली आणि बाबांनी नुसता हात वर केला नाही, तर शिस्तीत उजवीकडे वळले! आम्ही दोघी मातीत बसून हसलो. बाबा लांबून विचारत होते, "काय झालं? चुकलो का मी?"

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची ही टाकीची गोष्ट. महिला विभागाच्या अंगणात लोखंडी खांबांवर पाण्याची टाकी होती, बाजूला उभी शिडी. शिडीला खाली फाटक होतं, पण त्या दिवशी टाकी धुवायला माणूस येणार म्हणून ते उघडं होतं. दुपारी आम्ही कैदी बायकांना कामावरून परत बराकीत नेत होतो आणि त्यांच्यातली गिरजाबाई दिसेना. कोणीतरी वर बोट दाखवलं. चाळिशीची, जंगलाकडच्या गावची बाई. मोहाच्या, चिंचेच्या झाडांवर चढून हाडं मुरलेली. टाकीच्या कडेला पाय सोडून निवांत बसली होती. तिच्या मुलीचं त्याच दिवशी लग्न होतं. सुट्टीचा अर्ज केला होता, त्याचं उत्तरच आलं नव्हतं. आमच्यावरच्या जमादारीणबाई खालून ओरडायला लागल्या, गिरजाबाई ऐकेना. त्या मोठ्या साहेबांना बोलवायला धावल्या. आणि मी वळून बघते तर विमलने पदर कमरेला खोचलेला आणि ती अर्ध्या शिडीवर!

वर जाऊन ती गिरजाबाईच्या शेजारी बसली. खाली आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "काय पाहून राहिली वं बाई?" "आमचा गाव तिकडं हाय, उमरेडच्या अंगानं. आता पोरगी बोहल्यावर उभी असन." विमलही तिकडे बघत बसली. "दिसते का?" "नाही. पन तोंड तं तिकडं हाय नं माहं." थोड्या वेळाने गिरजाबाई स्वतःच म्हणाली, "चाल, झालं. अक्षता पडल्या असतीन आता." ती उठली. विमल उठेना. तिने पहिल्यांदाच खाली पाहिलं होतं. दोन्ही हातांनी टाकीची कड घट्ट धरून, डोळे मिटून ती म्हणाली, "गिरजाबाई, मले चक्कर येऊन राहिली. माह्याच्यानं उतरनं होत नाही." गिरजाबाई इतकी हसली की आम्हालाच वाटलं आता ही पडते. "आन् तू मले उतरवाले आलती का वं?"

त्या बाईने विमलला उतरवलं. स्वतः एक पायरी खाली राहून, तिचा पाय हाताने धरून शिडीच्या दांड्यावर ठेवत, "आता हा पाय... आता तो... खाली नको पाहू, माह्या तोंडाकडं पाह्य," असं करत. शेवटच्या पायरीवर पोहोचल्या तेव्हा मोठे साहेब समोर उभे होते. गिरजाबाईची घरच्यांशी होणारी भेट, शिक्षेतून मिळालेले माफीचे दिवस सगळंच जाणार असं दिसत होतं. विमलने मीच हिला उतरवलं म्हटलं असतं, तर तिला शाबासकीही मिळाली असती. साहेबांनी दरडावून विचारलं, "काय प्रकार आहे?" विमल सावधानमध्ये उभी राहिली आणि मैदानावरच्या त्या आवाजात म्हणाली, "सर, ही आपल्या मनानं उतरून राहिली होती. अडकली मी. हिनं मले उतरवलं, सर!" मागच्या रांगेत कैदी बायका खुदखुदल्या. साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, रुमालाने उगाचच तोंड पुसलं आणि म्हणाले, "रक्षकाचा जीव वाचवला म्हणून कैद्याला शिक्षा करायची सोय कायद्यात नाही." विमलला परवानगीशिवाय वर चढल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती तिने मान खाली घालून घेतली आणि तिथल्या तिथे विचारलं, "सर, आज बराकीत गूळ वाटू का? हिच्या पोरीचं लगन हाय." साहेब टोपी सारखी करत निघून गेले. नाही म्हणाले नाहीत, तेव्हा आम्ही गूळ वाटला. संध्याकाळी बराकी बंद होईपर्यंत बायकांनी लग्नाची गाणी म्हटली. गिरजाबाई मधोमध बसून रडत होती आणि चुकलेली ओळ दुरुस्तही करत होती.

परीक्षेत विमल आवाजात पहिली आली. उस्ताद म्हणाले, "आता थोडा कमी कर बाई, भिंती पडतीन." मायने काळजी केलेली सोयरीकही आली, कोराडीच्या वीज केंद्रातून. सासरच्यांची अट होती नोकरी सोडायची. विमलने नकार कळवला, तर पुढच्या रविवारी मुलगा स्वतःच बसने येऊन दारात उभा! "नोकरी राहू द्या," म्हणाला, "अट वडलांची होती, मले माहीत नव्हती." ते शंकरराव. पुढे आम्ही दोघी निवृत्त होईपर्यंत एकाच खात्यात राहिलो, कधी एका गावी, कधी दोन. बढती तिला माझ्याआधी मिळाली आणि मला ते योग्यच वाटलं.

परवा शंकररावांच्या कोराडीच्या घरी गेले. दार सताड उघडं. आत मांजर सोफ्यावर, कपाट उघडं, स्वयंपाकघराचं मागचं दारही उघडं आणि त्यातून शेजारच्यांचा नातू सरळ आत येऊन डब्यातला लाडू घेऊन गेलेला. विमलचा हा नेमच होता. जन्मभर कुलपं लावली, आता घरात दिवसा कडीसुद्धा लावायची नाही. सुरुवातीला यावरून नवरा-बायकोची भांडणं व्हायची. एकदा शंकररावांची चांगली चप्पल गेली, तरी ती बधली नाही. मी म्हटलं, "शंकरराव, आता एकटे असता. दार तरी लोटून घेत जा." ते दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. मग वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्याला विटेचा टेका लावून, ते आणखी जरा उघडं करून परत आले. "चहा घेसाल नं?" म्हणाले.