इस्त्रीचा रोध

दहावीतल्या मुलीनं इस्त्रीचा रोध काढायला सांगितला. दाब २३० व्होल्ट, धारा ४ अँपिअर. मी ऐटीत गुणाकार केला, "नऊशे वीस ओहम!"

समोर चहा पीत बसलेला मेहुणा हसला. तो कॅम्प चारमधल्या दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळतो. दहावीला गणितात दोनदा दांडी उडालेला. "भावोजी, गुणलं की वॉट येतात. ओहम पाहिजेत तर भागा. साडेसत्तावन्न." तेही कागदाशिवाय!

"मामा, भारी!" म्हणत मुलगी वही घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली. आजवर शिरगावच्या आमच्या घरात गणितं फक्त मला विचारली जायची. माझ्या पोटात नऊशे वीस वॉटची शेगडी पेटली.

"पण इस्त्री तापल्यावर रोध बदलतो ना?" मी खुसपट काढलं.

"गणितात तापलेलीच धरतात, भावोजी."

मग मी वायर जुनी असते, व्होल्टेज पडतं, असं काय काय बोलत राहिलो. मुलगी मान वर करेना.

तो गेल्यावर कप उचलता उचलता बायको म्हणाली, "अहो, पोरीनं रोध इस्त्रीचा विचारला होता. तुमचा नाही."