मावशीचा 'र'

अख्ख्या न्यूझीलंडमध्ये 'र' धड म्हणणारी माणसं दोनच, एक आमची मावशी आणि दुसरा मी. असं मावशीच म्हणायची, आणि तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती, तिच्या कुत्र्याचीसुद्धा नाही. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. पंच्याऐंशीची स्कॉटिश म्हातारी, नावाने हाक मारायला मला लाज वाटायची म्हणून मावशी. तिचे पणजोबा बोटीतून या दक्षिणेच्या टोकाला उतरले, दगडी चर्च बांधलं, आणि 'र' घोळवायची खोड घरात ठेवून गेले. मी चौथी नापास, इथं गोठ्यात दूध काढतो. दिवसभर गाईंशीच बोलणं. त्यांना मराठी यायला लागली, माझं इंग्रजी मात्र होतं तिथंच.

भेट झाली चौकातल्या युद्धस्मारकापाशी. खांबावर, खालच्या पायरीवरही नावं कोरलेली. मला वाटलं देणगीदार असतील, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर असतात तसे. जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून पायरीवर निवांत भाजीपोळी खात बसलो होतो, तर ही बादली-ब्रश घेऊन आली. "ऊठ! माझ्या काकावर बसलायस तू." मी घाबरून म्हटलं, "सॉरी, सॉरी." ती थबकली. "पुन्हा म्हण." मी पुन्हा सॉरी म्हटलं. म्हातारीचा चेहरा असा खुलला, की मी उरलेली पोळी तिलाच दिली.

मग दर रविवारी ती नावं घासायची आणि माझ्याकडून वदवून घ्यायची. मला वाचता कुठं येतंय? आरतीसारखी पाठ केली. फर्ग्युसन, रॉबर्टसन, मॅकग्रेगर. "वर उत्तरेला टौरंगात राहणारा माझा नातू 'फग्युसन' म्हणतो," ती चिडायची. "'र' खाल्ला की पोरगा दुसऱ्यांदा मेला बघ!" लढाईत मेलेल्यांच्या आठवणीला दर एप्रिलला गाव स्मारकापाशी जमतं, तेव्हा नावं तीच वाचायची. पण कवळी बसवल्यापासून तिचा 'र' फुसका निघायला लागला. "माझ्यामागे ही नावं कोण म्हणणार रे?" एवढाच तिला घोर.

गेल्या वर्षी नातवाने तिला टौरंगाच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नेऊन ठेवलं. जाताना नावांचा कागद तिने माझ्या हातात कोंबला.

यंदा मी उभा राहिलो. कागद उलटा धरला होता, हे पाद्र्याने नंतर सांगितलं. पण एक 'र' सोडला नाही. शेवटचं नाव झालं, आणि समोर मावशी नावं घासायला बसायची ती जागा रिकामी दिसली. दगडावर तिचं नाव नाही. ती लढाईला गेली नव्हती, नुसती मागे राहिली होती. मला राहवलं नाही. तिचंही नाव घेतलं. लोकांनी पटापट टोप्या काढल्या.

झालं! दुपारपर्यंत टौरंगाला फुलं पोचली. फोन आला. "गाढवा, मी जिवंत आहे!"

"सॉरी मावशी, सॉरी, सॉरी..."

"सॉरी राहू दे. माझं नाव कसं म्हटलंस, ते म्हणून दाखव."

म्हटलं. मग हळूच आवाज आला, "अजून एकदा म्हण. इथं सगळ्या नर्स मला 'डिअर' म्हणतात रे. त्यातलाही 'र' खातात."