रखमावहिनींचा उतार

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कोयनानगरला पोचलो. वाटेवरच्या चौक्या सांभाळायला आयोजकांनी आम्हा माजी सैनिकांना बोलावलं होतं. माझी ड्यूटी चेकपोस्ट तीन, डोंगरमाथ्यावर; तिथून पुढं फिनिशपर्यंत सगळा उतार. जोडीला हवालदार जाधव. सोबत आलेल्या रखमावहिनी मात्र पळणार होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या प्लाटूनमधल्या नाईक बिरू कोळेकरची बायको. जतकडची, मेंढरं राखणारी माणसं. बिरू गस्तीवर असताना कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली सापडून गेला. पुढं मी सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि पलूसला ऊस करू लागलो. एक दिवस वहिनी दारात उभ्या.

"भाऊजी, मला डोंगरात पळायला शिकवा."

"कशापायी?"

"घरात बसलं की डोकं लय चालतंय. पळताना गप बसतंय."

दर रविवारी त्या एसटीने यायच्या. चढ त्यांना जड गेला नाही. उतार गेला. उतारावर माणूस भितो, मागं रेलतो, टाच टेकतो आणि घसरतो. गुडघे फुटले, नखं काळी पडली. मी सांगायचो, पावलं बारीक टाका, नजर पुढं ठेवा. एकदा चिडून निघून गेल्या. पुढच्या रविवारी परत हजर.

शर्यतीच्या सकाळी आभाळ साफ होतं. पहिले रनर माथ्यावरून गेले आणि धुकं उतरलं. वाऱ्याने खुणेच्या फिती तोडल्या. कातळ ओला, हात बधिर. वहिनींच्या मागचे लोकही येऊन गेले, एकशे बारा नंबरच्या वहिनी नाहीत.

"कंट्रोल, चेकपोस्ट तीन. एकशे बारा अजून पोचला नाही. आणखी एक रनर बाकी. ओव्हर."

"तीन, शोधायला माणूस पाठवतोय. ओव्हर."

मग नुसती खरखर. बिरूच्या गस्तीचा आवाज बंद झाला तेव्हाही मी असाच वायरलेस सेट कानाला लावून बसलो होतो.

"जाधव, पोस्ट सांभाळ. मी खाली बघून येतो."

कातळावर वाटेची खूण दिसत नव्हती. मी शिट्टी मारत गेलो. थोड्या वेळाने डावीकडून हाळी आली, मेंढरांना घालतात तशी. एका खडकाच्या आडोशाला वहिनी होत्या. सांगलीची एक धावणारी बाई त्यांच्या कुशीत कुडकुडत होती. वाट चुकून भिजली होती. वहिनींनी आपलं जॅकेट तिला घातलं होतं आणि तिला बोलतं ठेवलं होतं.

"वहिनी, तुमची वेळ चाललीय. उशीर झाला तर बाद धरतील."

"धरू द्या. हिला सोडून कुठं जाऊ?"

"आता मी हाय. तुमी पळा."

त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग वहिनी उठल्या. जॅकेट तिच्याच अंगावर ठेवून गेल्या. मी त्या बाईला धरून चौकीवर आणलं. जाधवने गरम चहा पाजला. ओठांवर रंग आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग सेट बोलला.

"तीन, कंट्रोल. एकशे बारा फिनिश. वेळेत. ओव्हर."

जाधव म्हणाला, "साहेब, उत्तर द्या की." मी सेटचं बटण दाबलं.

परतीला गाडी मी चालवत होतो. वहिनी मेडल हातात फिरवत होत्या. पाटण मागं पडल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, मला हे सुट्टीवर आलेलंच ठावं. डोंगरात कसं हुतं ते?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"चढाला पलटणीत पहिला. सामान दुसऱ्याचंबी घ्यायचा. उतारावर मात्र साफ कच्चा. बुडावर घसरत यायचा. दर गस्तीला पॅन्ट फाटायची. शिवून शिवून आमचा शिंपी वैतागला हुता."

वहिनी आधी बघतच राहिल्या. मग हसल्या. पदराने डोळे पुसत हसत राहिल्या.

"आवं, मग उतारावर मी ह्यांच्या म्होरं की!"

"लय म्होरं."

"आणखी सांगा."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मलकापूरला चहाला थांबलो, तरी आम्ही बिरूचंच बोलत होतो.