जैसे थे ठेवलेला पडाव

१९५८ चा मार्च महिना. दाव्यात आमच्या पडावाची, म्हणजे शिडाच्या होडीची, किंमत बाराशे रुपये धरली होती. कोर्टात त्या दिवशी वडील, वाटणीसाठी दावा लावणारे धाकटे काका, दोघांचे वकील आणि कचेरीतून रजा काढून आलेला मी, एवढे होतो. निकालापर्यंत पडावाला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

बाहेर येऊन आमच्या वकिलांनी समजावलं, "याला लॅटिनमध्ये 'स्टेटस को' म्हणतात. स्टेटस म्हणजे स्थिती, आपल्या संस्कृतातल्या 'स्था'चंच भावंड. को म्हणजे ज्या. ज्या स्थितीत आहे, त्याच स्थितीत. जैसे थे."

वडील म्हणाले, "तेल लावल्यार हुकूम मोडता? आणि खारो वारो लागता, तो खंयच्या हुकमान?"

वकील हसले. पण प्रश्न खरा होता. वाळूवर ओढून ठेवलेल्या पडावाला दरवर्षी माशाचं तेल द्यावं लागतं, फटींत कापूस ठासावा लागतो. नाहीतर फळ्या उकलतात. दोघांनी मिळून अर्ज दिला, तर कोर्ट परवानगी देईल, असं वकिलांचं मत होतं. म्हणून मी दोघा भावांना मालवणच्या बंदरावर पडावापाशी गाठलं.

"लाव, दादा, तेल लाव!" काका म्हणाले. "उद्या कोर्टात सांगतलंस, मियाच सांभाळलंय, पडाव माझोच."

"मगे तू लाव."

"मिया लावलंय तर तुझो वकील गप रवतलो?"

अर्ज झाला नाही. पडावावर कुणीतरी टाकलेले माडाच्या झावळ्यांचे झाप पहिल्याच पावसाळ्यात उडाले.

पुढे तारखा पडत गेल्या. एकदा उशीर का होतो विचारल्यावर वकील म्हणाले, "ऑडी आल्टेराम पार्टेम. ऑडी, ऐक. आल्टेराम, दुसरी. पार्टेम, बाजू. न्यायाला दुसरी बाजूही ऐकावी लागते."

"दोनय बाजू ऐकतत," वडील पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "पडावाचा कोण ऐकतलो?" त्यानंतर ते बंदराकडे फिरकले नाहीत.

निकाल १९६३ साली लागला. दोघांना निम्मा निम्मा वाटा. तोवर तळाच्या फळ्या हाताने सुटत होत्या. चुन्याच्या भट्टीवाल्याने जळण म्हणून पडाव नव्वद रुपयांना घेतला. काकांनी आपले पंचेचाळीस मोजून घेतले. वडिलांचे पंचेचाळीस आणि माझ्या पगारातले पंधरा, असे साठ रुपये राहिलेल्या फीपोटी आमच्या वकिलांना दिले.